बैलाचा खांदा आणि टंकलेखकाचे मनगट

मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा हे गाव आहे. पौष पौर्णिमेला तेथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. ही यात्रा घोंगड्यांसाठी आणि त्याहूनही बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. जाणता शेतकरी बैल घेताना काय पाहतो, हे कधी निरखले आहे का? तो बैलाचे दात पाहतो, चाल पाहतो आणि मग वशिंडाच्या पुढे, जेथे जू टेकते त्या जागेवरून हात फिरवतो. तेथे गाठ किंवा सूज लागली तर सौदा मोडतो. या दुखण्याला खांदेसूज म्हणतात.

खांदेसूज कशामुळे होते? जू खडबडीत असेल, जोडीतल्या बैलांची उंची कमीजास्त असेल, मान ओली असताना औत ओढावे लागले असेल, किंवा नव्या बैलाला विश्रांतीवाचून जुंपले असेल, तर एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडतो व घर्षण होते. त्यात बैल कमजोर असतो असे नाही. दोष असतो तो जुवात आणि जुंपण्याच्या रीतीत. म्हणूनच शहाणा शेतकरी बैल बदलण्याआधी जू तासून गुळगुळीत करतो.

आता यात्रेतून निघून टंकलेखनाच्या वर्गात येऊ या. सरकारी कार्यालयात लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत मिनिटाला ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. खेड्यापाड्यातील कितीतरी मुलेमुली दहावी-बारावीनंतर त्यासाठी सराव करतात. एका शब्दाला सरासरी पाच कळा धरल्या तर मिनिटाला ३० शब्द म्हणजे १५० कळा, आणि तासाला ९,००० कळा! इतक्या वेळा बोटे एकाच ठेवणीत हलली आणि ती ठेवण वाकडी असली, तर मनगटाचीही खांदेसूज होणार नाही का? आणि बैलाचे जू बदलता येते, तसा कळफलकही बदलता येईल का?

येईल. कळफलक मधोमध दुभागून त्याचे दोन अर्ध दोन हातांपुढे ठेवण्याची कल्पना शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. असा कळफलक कोणाला उपयोगी, तो कसा निवडावा आणि मराठी लिहिणाऱ्याने त्यात काय तपासावे, हे आज पाहू.

हात चालतो कसा?

प्रथम एक छोटा प्रयोग करा. उजव्या हाताची बोटे टंकलेखन केल्यासारखी हलवा आणि डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा भाग धरून ठेवा. कातडीखाली काहीतरी सरकताना जाणवेल. बोटे हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. तेथून दोरीसारखे चिवट धागे बोटांपर्यंत जातात. त्यांना कंडरा म्हणतात. कळसूत्री बाहुलीचे दोरे वरून ओढावेत, तशी ही रचना आहे.

हे दोरे मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जातात. मनगटाच्या आठ लहान हाडांची कमान हा बोगद्याचा तळ, आणि आडवा जाड पट्टा हे त्याचे छप्पर. या बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. हा मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना संवेदना देतो. मनगट सरळ असते तेव्हा दोरे सरळ धावतात. मनगट वाकले की बोगद्यातला दाब वाढतो आणि दोरे कडेला घासतात. विहिरीचा दोर रहाटावरून सरळ ओढला तर वर्षानुवर्षे टिकतो, काठावर घासत ओढला तर लवकर झिजतो, तसेच हे आहे.

साध्या कळफलकावर मनगट तीन प्रकारांनी वाकते.

पहिला प्रकार म्हणजे करंगळीच्या बाजूला वळणे. खांदे रुंद, पण दोन्ही हात मात्र मधोमध एका लहान फळीवर आणायचे; म्हणून हात आत येतात आणि पंजे बाहेर वळतात.

दुसरा प्रकार म्हणजे पंजा वर उचलला जाणे. मेज उंच असेल किंवा कळफलकाच्या मागचे दोन पाय उघडून ठेवले असतील, तर मनगट मागे मुडपते. अनेकांना वाटते की ते पाय उघडायचेच असतात. उलट, ते मिटून ठेवलेले मनगटाला चांगले.

तिसरा प्रकार म्हणजे तळहात पूर्ण पालथा होणे. हात मोकळा सोडून मेजावर ठेवा. तो पालथा पडत नाही. हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा, अंगठा वर असा काहीसा तिरका राहतो. त्याला पालथे करताना कोपराखालच्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्यावरून आडवे जाते. ही स्थिती तासन्‌तास धरून ठेवायला स्नायूंना सतत काम करावे लागते.

दीडशे वर्षांपूर्वीची तिरपी रांग

हा कळफलक असा का झाला? अमेरिकेतील क्रिस्टोफर शोल्स याने आपल्या सहकाऱ्यांसह १८६८ साली टंकयंत्राचे एकस्व घेतले आणि १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. त्यात प्रत्येक कळेखाली एक लांब दांडी असे. चार ओळींतल्या कळांच्या दांड्या एकमेकींना न लागता शेजारून जायला हव्यात, म्हणून प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या मानाने थोडी उजवीकडे सरकवावी लागली. कळांची तिरपी मांडणी अशी आली.

आज कळेखाली दांडी नाही. विजेचा एक सूक्ष्म संपर्क होतो आणि अक्षर उमटते. पण तिरप्या ओळी तशाच राहिल्या. गंमत पाहा, डाव्या हाताची बोटे एका दिशेला तिरपी, उजव्या हाताची दुसऱ्या दिशेला तिरपी. कळा मात्र दोन्हीकडे एकाच दिशेला तिरप्या! मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र काढले आणि २००९ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबवले. टंकयंत्र गेले, तरी त्याची ही खूण संगणकावर राहिली आहे.

दोन हातांना दोन फलक

हाताला कळफलकासारखे वाकवण्याऐवजी कळफलकच हातासारखा का करू नये, असे काहींना फार पूर्वीच सुचले. हाइडनर याने १९१५ साली दुभागलेल्या कळफलकाचे एकस्व घेतले. १९२६ साली क्लॉकेनबर्ग या जर्मन अभ्यासकाने दोन अर्ध वेगळे करून तिरके ठेवावेत, अशी सूचना आपल्या पुस्तकात केली. कार्ल क्रोमर या शास्त्रज्ञाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दोन अर्ध छपरासारखे उतरते ठेवून केलेल्या प्रयोगांची माहिती दिली. इंग्लंडमध्ये लिलियन मॉल्ट आणि स्टीफन हॉब्डे यांनी १९७७ च्या सुमारास बोटांच्या लांबीनुसार खोलगट केलेला ‘मॉल्ट्रॉन’ कळफलक तयार केला. १९९४ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने दुभागलेला कळफलक मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला, तेव्हा तो सामान्य माणसापर्यंत पोचला.

कामाला आणि अवजाराला माणसाच्या शरीराशी जुळवून घेण्याच्या या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. ग्रीक भाषेत ‘अर्गोन’ म्हणजे काम आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम. नाव परके असले तरी विचार आपल्याला नवा नाही. विळ्याची मूठ हातात नीट बसेपर्यंत तासणारा सुतार हेच शास्त्र जगत असतो.

आकृती काढून पाहा

दुभागल्याने खरोखर किती फरक पडतो? भूमितीला विचारू. टंकलेखन करताना मित्राकडून तीन अंतरे मोजून घ्या: दोन कोपरांमधले, दोन मनगटांमधले, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचे. समजा ती अनुक्रमे ४०, २० आणि २५ सेंटिमीटर आली. आता ५ सेंटिमीटरला १ सेंटिमीटर या प्रमाणात कागदावर ८ सेंटिमीटरचा पाया काढा. त्याच्या दोन्ही टोकांपासून २ सेंटिमीटर आत एकेक लंब उभारा. प्रत्येक टोकावर कंपास ठेवून ५ सेंटिमीटर त्रिज्येने जवळच्या लंबावर खूण करा आणि ती टोकाशी जोडा. तिरकी रेघ म्हणजे तुमचा हात. लंब आणि ही रेघ यांतला कोन कोनमापकाने मोजा. तो सुमारे २४ अंश येईल. दहावीतली मुले हेच त्रिकोणमितीने काढतील: १० भागिले २५ म्हणजे ०.४, आणि ज्याची ज्या (साइन) ०.४ आहे तो कोन सुमारे २४ अंशांचा.

पंजाही थोडा तिरका ठेवला जातो, म्हणून हे सगळे अंश मनगटाच्या वाट्याला येत नाहीत. पण निम्मे आले तरी ते तासाला ९,००० कळांसह सोसायचे आहेत, हे विसरू नका.

आता दोन अर्ध दूर सरकवून मनगटांमधले अंतर ३६ सेंटिमीटर करा. कोन किती? २ भागिले २५ म्हणजे ०.०८, आणि कोन ५ अंशांहूनही कमी! फळी दुभागण्याचे सारे गणित हे एवढेच आहे.

मराठीचा प्रश्न

आता आपल्या भाषेकडे वळू. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ ही कळरचना १९८६ साली ठरवली. पुढे सुधारणा होऊन १९९१ साली आयएस १३१९४ या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तिची मांडणी मोठी विचारपूर्वक केलेली आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि पाय मोडण्याचे चिन्ह डाव्या हाताला. बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख, त आणि थ, प आणि फ एकाच कळेवर, खाली आणि वर.

म्हणजे मराठी अक्षर उमटताना एक हात व्यंजन देतो, दुसरा स्वरचिन्ह. ‘त्याच्या’ हा शब्द घ्या. त उजवा, पाय मोडणे डावा, य उजवा, काना डावा, च उजवा, पाय मोडणे डावा, य उजवा, काना डावा. आठ कळा आणि हात आलटून पालटून! एक हात काम करताना दुसरा पुढच्या कळेकडे सरकत असतो. दुभागलेल्या कळफलकासाठी याहून सोयीची रचना कोणती? नियमाला अपवादही आहेत. म, न, व ही व्यंजने डाव्या अर्धावर खालच्या ओळीत आहेत, त्यामुळे ‘मामा’ लिहिताना डावा हात एकटाच राबतो आणि उजवा स्वस्थ बसतो.

पण येथेच खरेदीची सर्वांत मोठी मेख आहे. इंग्रजीला २६ अक्षरे पुरतात. एका ओळीत दहा कळा असल्या की भागते. मराठीला ते पुरत नाही. ड आणि ढ यांची कळ वरच्या ओळीत दहाव्या कळेच्याही पुढे आहे. मधल्या ओळीत ट आणि ठ यांची कळ अकरावी आहे. ‘ऑ’च्या उच्चाराची अर्धचंद्र-काना असलेली कळ आणखी उजवीकडे आहे, आणि कृषी शब्दातला ‘ृ’ अंकांच्या ओळीत शेवटाकडे आहे. काही दुभागलेले कळफलक लहान आणि सुबक करण्यासाठी नेमक्या याच कडेच्या कळा काढून टाकतात आणि त्यांची कामे दुसऱ्या कळांच्या जोडीने करायला लावतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याचे फारसे वाटत नाही. पण आपल्याला त्यावर ‘मुरबाड’ लिहिताना शेवटच्या ड ला अडावे लागेल, आणि ‘डॉक्टर’ लिहिणे तर कसरतच होईल! म्हणून मराठीसाठी कळफलक घेताना आधी उजव्या अर्धाच्या उजव्या कडेच्या कळा मोजाव्यात. एकीकडे मनगटाचा त्रास कमी करून दुसरीकडे भाषेला त्रास देण्यात शहाणपण नाही.

पुठ्ठ्याचा कळफलक

दुभागलेला कळफलक साध्या कळफलकाच्या कितीतरी पट महाग असतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी पुठ्ठ्याचा करून पाहा. शाळेत हा प्रयोग एका तासिकेत होतो.

साहित्य: जाड पुठ्ठा, पट्टी, कात्री, कोनमापक, काही वह्या.

कृती: नेहमीच्या कळफलकात एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर अंतर असते. तेवढ्या बाजूचे चौकोन तीन ओळींत आखा. मधली ओळ वरच्या ओळीपेक्षा सुमारे ५ मिलिमीटर उजवीकडे आणि खालची ओळ मधलीपेक्षा सुमारे ९ मिलिमीटर उजवीकडे घ्या. आता अक्षरे भरा. वरच्या ओळीत डावीकडून औकार, ऐकार, काना, दीर्घ वेलांटी, दीर्घ उकार, मग ब, ह, ग, द, ज, ड. मधल्या ओळीत ओकार, एकार, पाय मोडणे, ऱ्हस्व वेलांटी, ऱ्हस्व उकार, मग प, र, क, त, च, ट. खालच्या ओळीत पहिला चौकोन रिकामा, मग अनुस्वार, म, न, व, ल, स, स्वल्पविराम, पूर्णविराम, य.

प्रत्येक ओळीत डावीकडून पाच चौकोन सोडून कात्रीने कापा. डाव्या अर्धावर मुख्यतः स्वरचिन्हे, उजव्यावर मुख्यतः व्यंजने उरतील. डोळे मिटून, खांदे सैल सोडून, हात मेजावर सहज ठेवा. आता मित्राला सांगा की बोटे जेथे आहेत तेथे, त्यांच्याच दिशेने दोन्ही अर्ध सरकव. दोन अर्धांमधले अंतर मोजा, प्रत्येकाचा तिरकेपणा मोजा आणि लिहून ठेवा. मग आतल्या कडांखाली एकेक वही सरकवत जा आणि कोणत्या उंचीला तळहाताचा पीळ सैल वाटतो ते पाहा. वर्गातल्या सर्वांची मापे फळ्यावर मांडली, तर एक गोष्ट ताबडतोब दिसेल: दोघांची मापे क्वचितच सारखी येतात. एका मापाचे जू दोन बैलांना चालत नाही, तसेच.

निवड कशी करावी?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला एकसंध, पण मधोमध दुभागून दोन्ही भाग तिरके केलेला. तो तुलनेने स्वस्त आणि शिकायला सोपा. मात्र त्याचा कोन कारखान्यात ठरलेला असतो. दुसरा दोन सुट्या भागांचा. अंतर, तिरकेपणा आणि उतार आपल्या मापाने ठेवता येतात. पुठ्ठ्याच्या मापांचा खरा उपयोग येथे होतो. तिसरा बोटांच्या लांबीप्रमाणे खोलगट घडवलेला. त्यात बोटांची धाव कमी होते, पण सवय व्हायला वेळ लागतो.

कोणताही घ्या, सुरुवातीला वेग कमी होणार. बोटांना जुनी वाट पाठ असते. पूर्ववत वेग यायला काही आठवडे जाऊ शकतात. म्हणून परीक्षा तोंडावर आली असेल तर बदल करू नका. परीक्षा केंद्रात साधाच कळफलक समोर येईल, हेही लक्षात ठेवा. त्याचा सराव सोडू नका.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुभागलेल्या कळफलकावर मनगट अधिक सरळ राहते, हे मोजमापांनी दिसून आले आहे. पण त्याने मनगटाचे दुखणे हमखास टळते असा तितका पक्का पुरावा नाही. विज्ञानात या दोन विधानांत मोठा फरक असतो, आणि जाहिरातीत तो पुसला जातो. दुखण्याची कारणे अनेक असतात. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी फुकटचे उपाय करा. कळफलकाचे मागचे पाय मिटा. मेज उंच असेल तर बैठक उंच करा, म्हणजे कोपर सुमारे काटकोनात राहील. पाय लोंबकळले तर खाली पाट ठेवा. कळा हलक्या हाताने दाबा. लिहीत असताना मनगट कडेवर टेकवू नका. अर्ध्या तासाने हात खाली सोडून दोन मिनिटे स्वस्थ बसा. बैलालाही नांगर सोडून सावलीत उभे करतात ते उगीच नाही.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल किंवा वस्तू हातातून निसटत असतील, तर कळफलक शोधत बसू नका. आधी डॉक्टरांकडे जा. करंगळीला मुंग्या येत असतील तर तो मज्जातंतू वेगळा आहे, हेही डॉक्टरांना सांगा.

पुढच्या पौष पौर्णिमेला म्हसा यात्रेला गेलात, तर बैलाच्या खांद्यावरून हात फिरवणाऱ्या शेतकऱ्याकडे नीट पाहा. बैलाला बोलता येत नाही, म्हणून तो बोटांनी विचारतो. आपले मनगट रोज आपल्याशी बोलते. सराव संपल्यावर दोन्ही मनगटे पुढे धरा, ती सरळ आहेत का, दुखतात का, हे त्यांना विचारा, आणि मगच उद्याच्या सरावाला बसा.